इंटरनॅशनल सिटी/काउंटी मॅनेजमेंट असोसिएशन

(आयसीएमए). शहरे, काउंट्या व अन्य स्थानिक शासनसंस्थांच्या नियुक्त प्रशासकांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटना. स्थापना डिसेंबर १९१४, स्प्रिंगफील्ड (ओहायओ राज्य, अमेरिका). मुख्यालय वॉशिंग्टन डी. सी. लोकनियुक्त परिषदेच्या हाताखाली काम करणाऱ्या व्यवस्थापकाला व्यवसायाची शिस्त, प्रशिक्षण आणि समव्यावसायिकांचा आधार मिळावा, हा संघटनेचा मूळ हेतू. वेतनासाठी वाटाघाटी करणाऱ्या कर्मचारी संघटनांहून तिचे स्वरूप वेगळे आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक शहरांचा कारभार राजकीय पक्षांच्या स्थानिक म्होरक्यांच्या मुठीत होता. नोकऱ्या आणि कंत्राटे मतांच्या मोबदल्यात वाटली जात; भुर्दंड पडे तो करदात्यावर. त्याविरुद्ध सुधारणावादी चळवळ उभी राहिली. १९०८ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील स्टँटन या लहान शहराने चार्ल्स अ‍ॅशबर्नर या अभियंत्याकडे दैनंदिन कारभार सोपवला. पुढे रिचर्ड चाइल्ड्स या सुधारकाने ‘परिषद-व्यवस्थापक पद्धती’चा आराखडा मांडला. धोरण परिषदेने ठरवावे, अंमलबजावणी तिने नेमलेल्या जाणकाराने करावी आणि काम समाधानकारक नसेल तर परिषदेने त्याला दूर करावे, असे तिचे सूत्र होते. दक्षिण कॅरोलायनातील समटर शहराने १९१२ मध्ये ही पद्धत स्वीकारली.

मार्च १९१३ मध्ये ओहायओतील डेटन शहरात महापूर आला. मध्यवस्तीत काही ठिकाणी २० फुटांपर्यंत पाणी चढले. उद्ध्वस्त शहर उभे करताना नागरिकांनी कारभाराची घडीही बदलली. नव्या सनदेनुसार १९१४ च्या आरंभी हेन्री वेट हे अभियंते व्यवस्थापक झाले. मोठ्या शहरातही ही पद्धत चालू शकते, हे डेटनने दाखवून दिले.

स्थापना : नव्या पदात एक मोठा धोका होता. परिषदेतील बहुमत फिरले की व्यवस्थापकाची नोकरी जाई आणि सल्ला विचारावा असा समव्यावसायिक जवळपास नसे. या परिस्थितीत आठ व्यवस्थापक स्प्रिंगफील्ड येथे जमले आणि त्यांनी ‘सिटी मॅनेजर्स असोसिएशन’ स्थापन केली. अ‍ॅशबर्नर पहिले अध्यक्ष झाले. १९२४ मध्ये नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द आला. काउंट्यांचा उल्लेख असलेले आजचे नाव १९९१ पासूनचे आहे.

आचारसंहिता : १९२४ मध्ये स्वीकारलेली आचारसंहिता हा संघटनेचा कणा होय. आपल्याला नेमणाऱ्या परिषदेच्या निवडणुकीत सदस्याने भाग घेऊ नये, पदाचा वापर खाजगी लाभासाठी करू नये, नेमणुका गुणवत्तेवर कराव्यात, ही तिची प्रमुख बंधने. नवे पद स्वीकारणाऱ्याने साधारणपणे किमान दोन वर्षे तेथे सेवा द्यावी, अशीही अपेक्षा आहे. तक्रार आल्यास सहव्यावसायिकांची समिती चौकशी करते. दोषी सदस्याला खाजगी वा जाहीर ठपका, प्रसंगी निष्कासन अशी शिक्षा होते. नोकरीतून काढण्याचा अधिकार मात्र परिषदेचाच राहतो. परिषदेपुढे स्पष्ट मत मांडणे आणि निर्णय झाल्यावर तो निष्ठेने राबवणे, ही दोन्ही कर्तव्ये व्यवस्थापकाला एकाच वेळी पाळावी लागतात. त्यासाठी लागणारे नैतिक बळ या संहितेतून मिळते. संघटनेचे खरे मोल इथेच आहे.

कार्य : क्लेरन्स रिडले यांच्या कारकिर्दीत (१९२९–५६) संघटनेचे कार्यालय शिकागोत होते. नगरप्रशासनाची आकडेवारी देणारे वार्षिक १९३४ पासून निघू लागले. रिडले आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी १९३८ मध्ये नगरपालिकांच्या कामाचे मोजमाप करण्याच्या पद्धतींवर ग्रंथ लिहिला. आग विझवण्यावर, रस्ते झाडण्यावर किती खर्च झाला एवढेच न पाहता त्यातून नागरिकांच्या पदरात काय पडले हे मोजावे, हा विचार त्यातून रुजला. प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि वार्षिक परिषद हे उपक्रम आजही चालू आहेत.

भारताशी संबंध : आयसीएमएच्या सहकार्याने १९९७ मध्ये अहमदाबाद येथे ‘सिटी मॅनेजर्स असोसिएशन, गुजरात’ स्थापन झाली. एका शहरातील चांगली कार्यपद्धती दुसऱ्या शहरापर्यंत पोहोचवणे, हे तिचे एक प्रमुख काम. येथील चौकट मात्र भिन्न आहे. मुंबईत १८८८ च्या अधिनियमाने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे दिली असून त्याची नेमणूक राज्य शासन करते. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचे मुख्याधिकारीही शासनाकडूनच नेमले जातात. त्यामुळे अमेरिकी व्यवस्थापक जसा थेट परिषदेला बांधलेला असतो, तसा येथील अधिकारी नसतो. राजकीय तटस्थता, सचोटी आणि अनुभवांची देवाणघेवाण यांची गरज मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.