वजन आणि वकूब



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हाच मी त्यांना सांगितले होते की, मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझी शाळा दहावीत संपली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावर, मजूर न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा माझ्याकडून करू नये. परंतु ज्याने आयुष्यभर ओझे उचलणाऱ्या माणसांत काम केले आहे, त्याला ओझ्याच्या इतिहासाविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा, असे मानून मी आपल्यापुढे उभा आहे.

विषयाचे निमित्त अगदी घरगुती आहे. चेंबूरच्या आमच्या युनियन कचेरीसाठी एक नवा लॅपटॉप घ्यावयाचा होता. पैसे वर्गणीचे, म्हणजे घामाचे. मी जाड व दणकट यंत्राच्या बाजूचा होतो. सहाशे माणसांच्या दहा वर्षांच्या पगाराचा हिशेब ज्यावर मांडावयाचा, ते यंत्र ताकदीचे नको काय, असा माझा सवाल होता. आमच्या एक भगिनी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत घरकामगारांची नोंदणी करीत हिंडतात. त्यांनी वहीएवढे पातळ यंत्र मागितले. मी वाद घालू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमचं यंत्र टेबलावर असतं, माझं खांद्यावर असतं. तुम्ही कधी संध्याकाळी साडेसहाच्या गाडीत ते घेऊन चढून बघा.” मी गप्प बसलो. घरी गेल्यावर मात्र मनात आले की, ताकद मोठी की सुटसुटीतपणा मोठा, हा वाद काही आजचा नसावा. शोध घेतला, तेव्हा तो आपल्याच मुलखात फार मागे गेला.

पहिले उदाहरण चरख्याचे आहे. जुन्या चरख्याचे चाक मोठे असे, ते उगीच नव्हे. मोठ्या चाकाचा एक फेरा झाला म्हणजे चातीचे कितीतरी फेरे होतात. चाक लहान केले की चातीचा वेग गेला आणि वेग गेला की सूत गेले. पण एवढे मोठे चाक घेऊन सभेला, प्रवासाला अगर तुरुंगाच्या कोठडीत जावयाचे कसे? पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी या प्रश्नात लक्ष घातले आणि पेटीत मावणारा चरखा पुढे आला. ‘येरवडा चक्र’ हे त्याचे नाव. त्यातील युक्ती पाहण्यासारखी आहे. एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके घेतली. पहिल्याने दुसऱ्याला फिरवावयाचे आणि दुसऱ्याने चातीला. आकार कमी केल्यामुळे जो वेग गमावला, तो रचनेच्या अकलेने बव्हंशी परत मिळवला. पेटी मिटली की ती काखेत मारून माणूस चालू लागे.

याच सुमारास, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचून मी थक्क झालो. यंत्र वजनाला हलके आणि सहज हलविता येण्याजोगे असावे. खेड्यातील झोपडीत हाताने अगर पायाने चालविता यावे. बाईमाणसाला फार श्रम न होता आठ तास त्यावर काम करता यावे. त्या आठ तासांत ठरल्याइतके चांगले सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. ते वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नसावा. बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. परंतु ज्या बक्षिसाचा कोणी मानकरी ठरला नाही, त्या बक्षिसाने यंत्र तोलण्याचा काटा मात्र आपल्या हाती दिला. वजन, काम, श्रमाचे तास, किंमत, आयुष्य आणि दुरुस्ती या सहाही गोष्टी एकाच तराजूत घातल्या होत्या. आजच्या जाहिरातीत यांपैकी पहिल्या दोनच गोष्टी ठळक अक्षरांत सापडतात.

आता गणकयंत्राकडे येऊ. भारतात बांधलेले पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आपल्या मुंबईत तयार झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ते बांधले व १९६० साली ते चालू झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच असा पोलादी सांगाडा आणि त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, असा त्याचा संसार होता. स्मरणशक्ती म्हणाल तर चाळीस अंकी २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या भाषेत दहा किलोबाइट. आज दुकानातील साध्या, आठ गिगाबाइटच्या लॅपटॉपची स्मृती याच्या आठ लाखांहून अधिक पट आहे. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले. त्याचा लाभ घेण्यासाठी देशातील निरनिराळ्या संस्थांचे संशोधक भोक पाडलेली कार्डे घेऊन कुलाब्याला येत. एका कार्डावर ऐंशी अक्षरे आणि एका पेटीत दोन हजार कार्डे. पेटी हातातून निसटली की कार्डांचा क्रम बिघडला आणि केलेले श्रम मातीत गेले. त्या काळी माणूस यंत्राकडे जाई. यंत्र माणसाकडे येत नसे.

यंत्राने माणसाकडे यावयास सुरुवात केली ती मधल्या आकाराच्या गणकयंत्रांनी. अमेरिकेत १९६५ साली पीडीपी-८ निघाले. आपल्याकडे तीच वाट ज्या यंत्राने धरली, त्याच्या नावात आपल्या शेजारचे गाव आहे. ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’, म्हणजेच टीडीसी-१२. चेंबूरच्या कुशीतील भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याचा आराखडा झाला आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनतर्फे १९६९ साली ते बाहेर पडले. त्याचा शब्द अवघा बारा अंकांचा. कुलाब्याच्या अजस्र यंत्रापुढे ते किरकोळच म्हणावयाचे. पण प्रयोगशाळेत, मोजमाप जेथे चालले आहे तेथेच, ते उभे करता येत असे. आणि दूरच्या मोठ्या ताकदीपेक्षा जागेवरची लहान ताकद कित्येकदा अधिक कामाची ठरते. आमच्या भगिनींचा मुद्दा ट्रॉम्ब्याच्या शास्त्रज्ञांना पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच पटला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे मला माझ्याच चळवळीच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात गणकयंत्रे आणण्याचा बेत झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. कलकत्त्यात यंत्र आत येऊ नये म्हणून इलाको हाऊस या इमारतीपुढे कामगारांनी रात्रंदिवस पहारा केला. सरकारला प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमावी लागली. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रे किती, कोणती आणि कोठे बसवावयाची याविषयी मालकांशी करार केला. आमची माणसे यंत्राची वैरी होती असे आज कोणी म्हणतात. तो आरोप मला अर्धवट वाटतो. त्यांचे म्हणणे भाकरीविषयी होते. परंतु एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती व मलाही फार उशिरा आली. जे यंत्र ट्रकमधून येते, त्याला दारावर अडवून वाटाघाटी करता येतात. जे यंत्र कारकुनाच्या स्वतःच्या पिशवीतून येते, त्याला अडवावयाचे कोणत्या दारावर?

ते पिशवीतले यंत्र एकदम पातळ झाले नाही. १९८१ साली निघालेले ऑस्बोर्न-१ हे शिवणयंत्राच्या पेटीसारखे दिसे. वजन अकरा किलोच्या आसपास, पडदा पाच इंचांचा आणि आत बॅटरी नाही. ‘सुटसुटीत’ म्हणून विकलेल्या त्या यंत्राला हमालाचीच गरज होती. १९८२ साली ग्रिड कंपास हे पुस्तकासारखे मिटणारे यंत्र आले. वजन पाच किलोच्या घरात उतरले, पण किंमत आठ हजार डॉलरांच्या वर चढली. १९८५ साली तोशिबाचे टी-११०० सुमारे चार किलोंचे होते आणि बॅटरीवर चालत होते. मग २००८ सालच्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखविले. वजन १.३६ किलो आणि जाडी कोठेही दोन सेंटिमीटरच्या वर नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. पण त्यासाठी काय काय सोडले होते? सीडी वाचण्याची सोय नाही, यूएसबीचे छिद्र एकच, तबकडी मंद गतीची, स्मृती मूळ पाटीवर डाग देऊन पक्की केलेली आणि बॅटरी ग्राहकाला बदलता येऊ नये अशी.

पातळ यंत्र दुबळे का होते, हे समजावयास इंजिनिअर असावे लागत नाही. चिपमधून वीज वाहते तेव्हा उष्णता निघते, आणि वेग वाढवावा तशी ती झपाट्याने वाढते. जाड यंत्रात मोठा पंखा व तांब्याच्या नळ्या बसविण्यास जागा असते. म्हणून तेथे ४५ वॅटची चिप सुखाने नांदते. पातळ यंत्रात बहुधा १५ वॅटच्या आसपास थांबावे लागते. त्याहून अधिक राबविले की ते तापते आणि जिवाच्या भीतीने आपला वेग आपणच कमी करते. याला आमच्या भाषेत ‘हळू काम आंदोलन’ म्हणतात, आणि त्याची नोटीससुद्धा देत नाहीत. मी हे स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सुनावणीत, उसन्या आणलेल्या पातळ यंत्रावर मी थकबाकीचा तक्ता उघडला. पंखा नसलेल्या खोलीत ते यंत्र असे रेंगाळले की, समोरच्या पक्षाच्या वकिलांनी दोन वेळा चहा घेतला आणि आम्हाला पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला सगळ्यांचा एक दिवसाचा रोज बुडाला. ताकदीचा आग्रह मी धरीत होतो तो या अनुभवामुळे.

तथापि इतिहास येथे थांबत नाही. २०२० साली अ‍ॅपलने थोड्या विजेत पुष्कळ काम करणारी एम-१ ही चिप आणली. तिच्यावरचे एअर पंख्यावाचून चालते आणि आपल्या कित्येक जाड भावंडांना मागे टाकते. येरवडा चक्रातले दुसरे चाक ते हेच! हरवलेला वेग रचनेच्या अकलेने परत मिळाला. तेव्हा ताकद आणि हलकेपणा यांचे वैर काही सनातन नाही. अक्कल वाढते तशी सीमारेषा सरकते. पण चरखा संघाच्या काट्यावर हे यंत्र ठेवून पाहा. वजन उतरले, काम उतरले. वीस वर्षांचे आयुष्य? दुरुस्तीचा खर्च? स्मृती चिपच्याच घरात बसविलेली असल्याने ती पुढे वाढविता येत नाही. आमच्या स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातील मुलाने एकदा माझ्यापुढे एक पातळ यंत्र उघडले आणि हात जोडले. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, बाकी सारे डागलेले. “काका, यात माझ्या हाताला कामच ठेवलेलं नाही,” असे तो म्हणाला. जाडीतून काढलेल्या त्या चार मिलिमीटरांत त्याची रोजी होती. भारत सरकारने २०२२ सालच्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु हक्क कागदावर आणि गोंद यंत्रात, ही स्थिती पालटावयास ग्राहकाने खरेदीच्या वेळीच तोंड उघडले पाहिजे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. ती सुट्टी टिकली याचे एक कारण असे की, गिरणीचा माग कोणी घरी नेऊ शकत नव्हता. भोंगा झाला की माणूस सुटला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराच्या अंगावर अति वजन देण्यास मनाई केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. डोक्यावरच्या वजनाची अशी दखल घेतली गेली. पण सव्वा किलोचे यंत्र घरी येते, जेवणाच्या ताटाशेजारी उघडते आणि रविवारी सकाळीही उघडते, त्याच्या वजनाचे काय? ते किलोत मोजता येत नाही. २०१८ सालच्या डिसेंबरात खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मुक्त राहण्याच्या हक्काचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. लोखंड्यांच्या मागणीची ती पणतीच म्हणावयाची. यंत्र जितके हलके, तितकी त्याच्यामागून येणारी नोकरी जड होण्याचा संभव अधिक, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आमच्या कचेरीचे काय झाले, असे आपण विचाराल. मी हरलो, आणि योग्य हरलो. ताकद कचेरीत आणि काम मानखुर्दच्या गल्लीत, अशी ताकद शून्यच. आम्ही सव्वा किलोच्या आसपासचे यंत्र घेतले. पण त्याचा तळ साध्या पेचकसाने उघडतो आणि बॅटरी बदलता येते, हे त्या दुकानातील मुलाकडून पाहून मगच घेतले. त्यासाठी थोडी जाडी पत्करली. मोठे तक्ते कचेरीतील जुन्या टेबलावरच्या यंत्रावर होतात. दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आले की, आमच्या भगिनींचे हिशेब रात्री अकरा वाजता येऊ लागले आहेत. दुसऱ्यांच्या आठ तासांसाठी भांडणारी आमची कचेरी आणि तिच्यातच हा प्रकार! आम्ही सभेत ठराव केला की, शनिवारी संध्याकाळी ते यंत्र कचेरीच्या कपाटात ठेवावयाचे आणि सोमवारीच बाहेर काढावयाचे. किल्ली माझ्याकडे आहे. ठराव अजून पाळला जातो. दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा मोडणारा मीच होतो.