मगनवाडीच्या ताटातली जीवनसत्त्वे

मेंदूला ताणापासून जपणारी जीवनसत्त्वे म्हणून आज औषधाच्या दुकानात गोळ्या मिळतात. पण गावकऱ्याच्या ताटातली जीवनसत्त्वे गेली कुठे, हा प्रश्न वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. डिसेंबर १९३४ मध्ये येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचे काम सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ, घाणीचे तेल हे तिथले विषय. झवेरभाई पटेलांनी तेलघाणीत सुधारणा केल्या. १९३५ मध्ये गांधीजी तिथे मुळा, गाजर, सलगम, मोहरी, शेपू यांचा पाला शिजवल्याने जीवनसत्त्वे जातात म्हणून कच्चाच खात, आणि हे अनुभव आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापत. लोक जो पाला गुरांपुढे टाकतात तो आधी स्वच्छ धुऊन माणसाच्या ताटात यावा, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. क जीवनसत्त्वाची ओळख तेव्हा नुकतीच, १९३२ मध्ये पटली होती. ई जीवनसत्त्व शुद्ध रूपात १९३६ मध्ये हाती आले. म्हणजे विज्ञान आणि मगनवाडीचे स्वयंपाकघर जवळजवळ एकाच वेळी चालत होते.

या पाल्याचा आणि तेलाचा मेंदूशी काय संबंध, हे पुढे उलगडले. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू तो सुमारे वीस टक्के वापरतो. त्यातली स्निग्ध द्रव्ये लवकर ऑक्सिडीकरण पावणारी असतात. ताण दीर्घकाळ टिकला की कॉर्टिसॉल चढे राहते आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसला त्याची झळ बसते. ई जीवनसत्त्व पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांना जपते, आणि ते खर्ची पडले की क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाजोगे करते. तेल आणि हिरवा पाला एकाच ताटात असण्याला म्हणूनच अर्थ आहे. ताण दिलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत या जीवनसत्त्वांनी हानी कमी झालेली दिसते. माणसांवर गोळ्यांचा असा ठाम लाभ मात्र दिसलेला नाही. उलट फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपाच्या, गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. ते निष्कर्ष १९९४ मध्ये जाहीर झाले. अन्नातले घटक वेगळे काढून मोठ्या मात्रेत गिळणे आणि ते अन्न खाणे, यांत मोठे अंतर आहे.

मगनवाडीने मेंदूचा किंवा ताणाचा दावा केलाच नव्हता, मग हा इतिहास इथे कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. पाला खाणाऱ्या खुद्द गांधीजींचा रक्तदाब १९३५ च्या अखेरीस वर्ध्यातच इतका चढला की डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. आहार कितीही चांगला असला तरी कामाचा बोजा त्याने उतरत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता? मला तर मगनवाडीचे मोल इथेच दिसते. कारण कुमारप्पांनी पोषणाला पोटापाण्यापासून कधी तोडले नाही. तांदूळ गिरणीत गेला की कोंड्यातले सत्त्व जाते आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते. घाणी बंद पडली की तेल्याचा धंदा बसतो आणि गावाची पेंडही बाहेर जाते.

पोटापाण्याचा ताण वर्ध्याने पुढेही पाहिला. २००६ मध्ये केंद्र सरकारने आत्महत्याग्रस्त म्हणून विशेष मदत दिलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. कर्जात अडकलेल्या कास्तकाराला जीवनसत्त्वे सुचवणे ही क्रूर थट्टा ठरेल, हेही खरेच. त्याला भाव हवा, पाणी हवे, कर्जातून सुटका हवी. पण ज्या जिल्ह्यात कारंजा-आष्टीची संत्री पिकतात, समुद्रपूरकडच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जवस आणि आंबाडी जिथल्या मातीतली आहे, तिथल्या घरात हे सारे रोज खाल्ले जावे, ही मागणीही तितकीच रास्त आहे. मगनवाडीत १९३५ मध्ये सोयाबीन खाऊन पाहिले गेले. आज ते शिवारभर आहे, पण बहुतेक थेट बाजार समितीत जाते. अंगणवाडी आणि शालेय पोषण आहाराची खरेदी करणाऱ्यांनी आधी आपल्याच तालुक्यातला पाला, जवस आणि संत्री विकत घ्यावीत.