पडद्यावरची भाषा आणि घरातली भाषा

‘बाहुबली’ (२०१५) या चित्रपटातील कालकेय टोळीची किलिकी भाषा अनेकांना निव्वळ आरडाओरड वाटली. वस्तुतः तमिळ गीतकार मदन कार्की यांनी तिच्यासाठी सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरणनियम रचले होते. लहानपणी ‘च’ची भाषा बोललेल्या आपणांस या खटाटोपाचे फारसे नवल वाटू नये; मात्र ‘च’च्या भाषेचा कणा मराठीच असतो, किलिकीचा कणाच नवा आहे.

या विद्येतील एक अग्रणी म्हणजे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मार्क ऑक्रँड. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील १९८४ च्या चित्रपटासाठी त्यांनी क्लिंगॉन भाषा घडविली. पुढल्याच वर्षी तिचा कोशही निघाला. पण तत्पूर्वी, १९७७ मध्ये, त्यांनी प्रबंध लिहिला तो कॅलिफोर्नियातील मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर. ती अस्खलित बोलणारी अखेरची वृद्धा १९३० मध्येच निवर्तली होती. तिच्या तोंडून टिपून ठेवलेले शब्द या अभ्यासाला आधार झाले.

हा योगायोग आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने आपल्या अमलाखालील गोमंतकीयांस तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. ते फसले, कारण घराघरांतील बोलणे थांबले नाही. नवी भाषा एकटा विद्वान रचू शकतो. असलेली भाषा राखायला मात्र आजी आणि नातवंडे दोघेही लागतात. आपल्या घरांत आज ती दोघे कोणत्या भाषेत बोलतात, हे ज्याने त्याने पाहावे.