रे गाय : चौथ्या प्रयत्नाचा मानकरी

‘पंटर’ म्हटले की आपल्याकडे सट्टेबाज किंवा एखाद्या ‘भाई’चा हस्तक डोळ्यांसमोर येतो, क्रिकेटरसिकांना फार तर रिकी पाँटिंगचे टोपणनाव आठवते. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र पंटर हा संघातील मान्यताप्राप्त खेळाडू असतो. या खेळात चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकावे लागते. तीन प्रयत्न फसले की चौथा पणाला लावण्याऐवजी बहुधा पंटरला पाचारण केले जाते. सुमारे चौदा मीटर मागे उभा राहून तो सहकाऱ्याने दोन पायांमधून मागे फेकलेला चेंडू झेलतो, हातातून सोडतो आणि जमिनीला टेकण्यापूर्वीच लाथेने प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत दूर धाडतो. या साऱ्यासाठी त्याला जेमतेम दोन सेकंद मिळतात. संघ अपयशी ठरल्यावरच ज्याची आठवण होते असा हा खेळाडू. त्यामुळे त्याच्या वाट्याला कौतुक क्वचितच येते.

या उपेक्षित कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती रे गाय याने. २२ डिसेंबर १९४९ रोजी जॉर्जिया राज्यात जन्मलेला रे वाढला तो थॉमसन या गावी. आपल्या शिरूर किंवा दौंडप्रमाणे तेही आसपासच्या परिसराच्या कारभाराचे ठिकाण, पण वस्तीने त्यांच्याहून लहान. सदर्न मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळताना तो बचावफळीतही तितकाच तरबेज होता. १९७३ मध्ये ओकलंड रेडर्सने त्याला खेळाडू निवडीच्या पहिल्याच फेरीत, २३व्या क्रमांकावर घेतले. निव्वळ पंटरसाठी पहिली फेरी खर्ची घालणे हा तेव्हा अनेकांना वेडेपणा वाटला होता.

रेडर्सचा हिशेब वेगळा होता. चेंडू किती लांब गेला यापेक्षा तो किती वेळ हवेत राहिला, याला रेच्या खेळात अधिक महत्त्व होते. चेंडू लांब जाऊन लवकर खाली आला, तर तो झेलणाऱ्याला धावायला मोकळे मैदान मिळते. तो उंच जाऊन पाचेक सेकंद तरंगत राहिला, तर तेवढ्यात पंटरचे सहकारी झेलणाऱ्याच्या अंगावर येऊन ठेपतात. जानेवारी १९७६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये त्याने उडवलेला चेंडू थेट छताखाली टांगलेल्या पडद्यावर आदळला. ह्यूस्टनच्या संघाला तर चेंडूत हेलियम वायू भरल्याचा संशय आला आणि त्यांनी चेंडू तपासणीसाठी धाडला! वायू सापडला नाही, हे सांगायला नकोच.

जानेवारी १९८४ च्या सुपर बोल अंतिम सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध चेंडू त्याच्या डोक्यावरून निघाला होता. उडी घेऊन त्याने तो एका हाताने अडवला आणि खाली येताच शांतपणे भिरकावला. हा चेंडू निसटता, तर प्रतिस्पर्ध्यांना गुण आयतेच मिळण्याची भीती होती. रेडर्सने तो सामना ३८-९ असा जिंकला. रेच्या कारकिर्दीतील हे तिसरे विजेतेपद. १९८६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो सलग २०७ सामने खेळला. त्यात त्याने १,०४९ पंट मारले, सरासरी ४२.४ यार्डांची.

नेमक्या याच सरासरीने त्याचा घात केला. त्या काळी अधिकृत नोंद व्हायची ती अंतराची. चेंडू हवेत किती वेळ राहिला, ते कुणी लिहून ठेवत नसे. पुढच्या पिढीतील पंटरांनी ४२.४ चा आकडा सहज मागे टाकला आणि टीकाकारांना निमित्त मिळाले. कँटन येथील ‘हॉल ऑफ फेम’च्या अंतिम यादीत १९९२ पासून त्याचे नाव अनेकदा आले आणि गळले. गंमत म्हणजे २००० पासून सर्वोत्तम महाविद्यालयीन पंटरला त्याच्याच नावाचा पुरस्कार दिला जाऊ लागला होता! दरम्यान आर्थिक ओढगस्त इतकी झाली, की २०११ मध्ये सुपर बोल विजयाच्या तिन्ही अंगठ्या त्याला लिलावात काढाव्या लागल्या. त्यांचे सुमारे ९६ हजार डॉलर आले.

अखेर २०१४ मध्ये, निवृत्तीनंतर तब्बल २८ वर्षांनी, हॉल ऑफ फेमने त्याला प्रवेश दिला. केवळ पंटर म्हणून हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी त्याचे निधन झाले.