उबेचा हिशोब

बजाजनगरात डिसेंबरच्या पहाटे फर्स्ट शिफ्टला निघालेले कामगार पाहावेत. मोटारसायकलवर बसण्याआधी काही जण स्वेटरच्या आत, छातीवर, जुने वर्तमानपत्र सरकवतात. वाळूजच्या माळावरचा वारा तो कागद अडवतो. वर्षानुवर्षे हे पाहत आलो, पण त्यातले शास्त्र मला उमगले गुलमर्गला.

पन्नाशी ओलांडल्यावर हौसेने स्कीइंग शिकायला गेलो होतो. आत सुती बनियन, वर एकच जाडजूड कोट. तासभर पडत-उठत घामाघूम झालो आणि पाळीची वाट पाहत थांबताच दात वाजू लागले. कोटाचा दोष नव्हता. ओले बनियन अंगातली ऊब शोषून घेत होते. परतल्यावर मी आपल्या जुन्या पोशाखांकडे नव्याने पाहू लागलो.

ऊब कापडात नसते, कापडाने अडवून धरलेल्या हवेत असते. हे आपल्या गोधडीला ठाऊक आहे. मराठा घोडेस्वार कापूस भरून टाचलेले अंगरखे घालत. त्याने थंडी अडे आणि तलवारीचा वारही काहीसा बोथट होई. आमच्या शहराच्या हिमरूत ताणा सुती, बाणा रेशमी. त्याच्या उलट बाजूला रेशमाचे जादा धागे सुटे राहतात. त्यांतही हवा अडकते.

मग पानिपतचे काय? दक्षिणी पातळ कपड्यांमुळे मराठे गारठले, असे आपण ऐकत आलो. मला ते अर्धेच पटते. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत फौज तिथे अडकली होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा मोठा आधार तुटला. अफगाणांकडे मेंढीच्या कातड्याचे पोस्तीन होते हे खरे. पण नजीबखानाच्या मुलखातून त्यांना धान्यही मिळत होते. कपडा ऊब निर्माण करत नाही, शरीराने निर्माण केलेली राखतो. चुलीत जाळच नसेल तर भांड्यावर झाकण ठेवून काय उपयोग? पानिपतच्या थंडीचा हिशोब अंगरख्याआधी भाकरीपासून मांडला पाहिजे.

पोटात अन्न असले, तर पातळ कपडेही किती काम देतात, याचा दाखला एव्हरेस्टवर मिळतो. १९२४ साली तिथे बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला. अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक पातळ थर, वर वारा अडवणारे गॅबर्डीन. त्या कपड्यांची हुबेहूब प्रत करून २००६ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहिली, तेव्हा ती हलकी आणि चांगली उबदार ठरली.

आजचे स्कीइंगचे कपडेही हेच सूत्र पाळतात. अंगालगत घाम बाहेर टाकणारी लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये हवा धरून ठेवणारा, वर वारा आणि बर्फ अडवणारा. चढताना एक थर काढायचा, थांबताना घाम सुकण्याआधी पुन्हा चढवायचा. कोरड्या थंडीत आपला कापूस पुरतो; घामात तो दगा देतो. हातमोजे, टोपी आणि पोटभर जेवण यांनाही त्याच यादीत जागा हवी.

आता पहाटे गेटकडे जाणारा कामगार दिसला की त्याच्या छातीवरचा कागद मला आठवतो. त्याने इतिहास वाचलेला नसेल, पण वरचा थर कशासाठी असतो हे तो रोज अंगावर वागवतो. डब्यात भाकरी असतेच.