सफरमैना आणि चिलखत : एका प्रारूपाचा इतिहास

चिलखती अभियांत्रिकी वाहनांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या नामावळीसारखा लिहिला जातो. अडथळा फोडणारा सैनिक चिलखताच्या आत होता की बाहेर, हा मूलभूत प्रश्न त्यात मागे पडतो. वस्तुतः या वाहनांच्या जन्माचे कारण याच प्रश्नात आहे.

१९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएपवर हल्ला झाला. कॅनडाचे काही चर्चिल रणगाडे समुद्रकाठची भिंत ओलांडून गेले. परंतु शहरात शिरणारे रस्ते काँक्रीटच्या अडथळ्यांनी बंद केलेले होते. ते स्फोटाने उडवण्याचे काम उघड्यावरून जाणाऱ्या सफरमैनांचे होते. ('सॅपर्स अँड मायनर्स'चे हे देशी रूप मूळ शब्दापेक्षा अधिक बोलके आहे.) तुफान गोळीबारात त्यांना अडथळ्यांपर्यंत पोहोचता आले नाही.

यावर कॅनेडियन अभियंता दलातील लेफ्टनंट जे. जे. डेनोव्हन यांनी सुचवलेला उपाय साधा होता : सफरमैनांनाच रणगाड्यात बसवावे. चर्चिलचे पोट ऐसपैस होते आणि त्याच्या दोन्ही कुशींना दारे होती. तोफगोळ्यांची मांडणी काढून तेथे स्फोटके व माणसे यांची सोय करण्यात आली. तोफेच्या जागी २९० मिलिमीटरची 'पेटार्ड' उखळी तोफ आली. तिचा सुमारे १८ किलोचा बॉम्ब सैनिकांत 'उडता कचऱ्याचा डबा' म्हणून ओळखला जाई. प्रभावी पल्ला मात्र जेमतेम ऐंशी यार्ड. १९४३च्या फेब्रुवारीत या प्रारूपाचे प्रात्यक्षिक झाले आणि ६ जून १९४४ रोजी ही वाहने नॉर्मंडीत उतरली.

तरीही चिलखत पूर्ण नव्हते. पेटार्ड पुन्हा भरण्यासाठी ती चालकाशेजारच्या सैनिकाच्या डोक्यावर आणावी लागे. तो झाकण सरकवून बॉम्ब वर ढकली. तेवढ्या क्षणापुरते त्याचे हात बाहेरच राहत. हा दोष गौण मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो; मला तो या वाहनाचे मर्म वाटतो.

नॉर्मंडीनंतर चार वर्षांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी मार्गावर असे कोणतेही वाहन नव्हते. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाड्याखाली सरपटत गेले. थांबण्या-निघण्याचा इशारा चालकाला दोरीने देत राहिले. सफरमैनाला चिलखत मिळाले, ते असे, रणगाड्याच्या पोटाखाली. राणे यांना परमवीर चक्र मिळाले. डीआरडीओने विकसित केलेले चिलखती अभियंता टेहळणी वाहन पुण्यात सैन्यात दाखल झाले, ते डिसेंबर २०२१ मध्ये.