हाविएर सेर्कास : न झाडलेल्या गोळीचा शोध

स्पेनच्या यादवी युद्धाचा (१९३६–३९) विषय निघाला की आम्हां कॅथलिकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते रक्तसाक्षी. त्या तीन वर्षांत प्रजासत्ताकाच्या ताब्यातील प्रदेशात सुमारे ६,८०० धर्मगुरू, व्रतस्थ व धर्मभगिनी मारले गेले. त्यांत १३ बिशप होते. २०१३ साली तारागोना येथे एकाच दिवशी ५२२ जणांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांच्या स्मृतीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु दुसऱ्या बाजूच्या बंदुकांनीही हजारोंचे प्राण घेतले आणि फ्रांकोच्या विजयानंतरही ते सत्र थांबले नाही, हे सत्य झाकणे ख्रिस्तसभेच्या लेकरांना शोभत नाही. दोन्ही बाजूंच्या मृतांची आठवण एकाच अंतःकरणात कशी ठेवावी? या प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेला स्पेनचा कादंबरीकार म्हणजे हाविएर सेर्कास.

सेर्कास यांचा जन्म १९६२ साली एस्त्रेमादुरा प्रांतातील इबाएर्नान्दो या खेड्यात झाला. चार वर्षांचे असताना ते कुटुंबासह कातालोनियातील हिरोना शहरी गेले. पुढे तेथील विद्यापीठात त्यांनी स्पॅनिश साहित्याचे अध्यापन केले. पहिले पुस्तक १९८७ साली निघाले. परंतु कीर्ती लाभली ती २००१ सालच्या ‘सालामिनाचे सैनिक’ या कादंबरीने.

तिचा गाभा ऐतिहासिक आहे. ३० जानेवारी १९३९ रोजी, बान्योलेसजवळील कोयेल या मरियामातेच्या तीर्थस्थानाच्या परिसरात, माघार घेणाऱ्या प्रजासत्ताक सैन्याने सुमारे ५० कैद्यांवर गोळ्या झाडल्या. त्यांतून राफाएल सांचेस मासास हा फालांखे पक्षाचा संस्थापक-सदस्य निसटून रानात लपला. शोध घेणाऱ्या एका सैनिकाने त्याला पाहिले, डोळ्यांत डोळे घातले, ‘येथे कोणी नाही’ असे ओरडून सहकाऱ्यांना सांगितले आणि तो निघून गेला. सांचेस मासास पुढे फ्रांकोच्या मंत्रिमंडळात बसला. त्या सैनिकाचे नावही कोणाला ठाऊक नाही. सेर्कास त्या अनामिकाला शोधतात. त्याने गोळी का झाडली नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

पुढील ग्रंथांतही हीच सचोटी दिसते. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी बंडखोर सशस्त्र दल माद्रिदच्या संसदेत घुसून गोळीबार करू लागले, तेव्हा सारे सभासद बाकांखाली दडले. आपल्या जागी राहिले ते तिघे : पंतप्रधान सुआरेस, जनरल गुत्येरेस मेयादो आणि कम्युनिस्ट नेते कारीयो. त्या क्षणावरील २००९ सालच्या ग्रंथाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाझी छळछावणीतून वाचल्याचा खोटा दावा करणाऱ्या एन्रिक मार्को यांची कहाणी त्यांनी २०१४ साली लिहिली. २०१७ साली तर त्यांनी स्वतःच्या घराचे दार उघडले. आईचे काका मानुएल मेना हे फ्रांकोच्या बाजूने लढताना १९३८ साली, अवघ्या १९ व्या वर्षी एब्रोच्या लढाईत पडले. ज्या पक्षाचा आपणांस तिरस्कार वाटतो, त्याच पक्षासाठी मेलेल्या आपल्या माणसाकडे सेर्कास दयेने पाहतात. मात्र त्या पक्षाची चूक लपवीत नाहीत.

हा लेखक श्रद्धावंत नव्हे. आपण नास्तिक आहोत, हे तो उघडपणे सांगतो. तरीही व्हॅटिकनने त्याला २०२३ साली पोप फ्रान्सिस यांच्या मंगोलिया-भेटीत सोबत नेले. त्या देशात कॅथलिक जेमतेम दीड हजार. या प्रवासावरील ग्रंथ एप्रिल २०२५ मध्ये, पोप महोदयांच्या निधनाच्या काही दिवस आधी, प्रसिद्ध झाला. सेर्कास यांनी सोबत नेला होता एकच मोठा प्रश्न, आणि तोही आपल्या भाविक आईचा : मृत्यूनंतर मला माझा पती पुन्हा भेटेल काय?

वाचकहो, प्रत्येक अंत्यविधीच्या वेळी आम्हां धर्मगुरूंना कोणी ना कोणी विधवा हेच विचारीत असते. तिला पांडित्य नको असते. देहाच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे, असे दर रविवारी म्हणणाऱ्या आपण ते तिच्या डोळ्यांत पाहून सांगावे, एवढीच तिची अपेक्षा असते. ज्याला स्वतःला विश्वास नाही, अशा पुत्राने आईचा विश्वास थट्टा न करता पोप महोदयांपर्यंत नेला. शत्रूच्या डोळ्यांत पाहून बंदूक खाली करणाऱ्या सैनिकाचा शोध त्याने उगाच घेतला नव्हता. अशा लेखकाला परका समजून बाजूला ठेवू नये, असे आम्हांस मनापासून वाटते.